वजनकाट्यावरची स्क्रीन का विझते: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातलं डीकॉन्फचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना. संगणक अठरा: सहा ऑफिसात, चार डिझाइनच्या खोलीत, तीन गाठींच्या वजनकाट्यांवर, उरलेले स्टोअर, डिस्पॅच आणि गेटवर. सगळ्यांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावर ग्नोम ४२ हा डेस्कटॉप. एकाच माणसाने एकाच पेन ड्राइव्हवरून बसवलेले. तरी वागणं प्रत्येकाचं निराळं.

ऑफिसातल्या निम्म्या संगणकांवर कारखान्याचा वॉलपेपर होता, निम्म्यांवर ज्याने त्याने लावलेला देव, नट किंवा नातू. त्याचं कुणाला फारसं दुःख नव्हतं. खरा त्रास वजनकाट्यावर होता. गाठ काट्यावर चढवायची, वजन स्थिर होईपर्यंत थांबायचं, स्टिकर छापायचा, चिकटवायचा, पुढची गाठ ओढायची. या धांदलीत पाच मिनिटं माउसला हात लागला नाही की स्क्रीन काळी, आणि परत उजेड आला की पासवर्ड. हात धुळीने आणि सुताच्या तंतूंनी भरलेले, मागे हमाल खोळंबलेले. शेवटी पासवर्ड खडूने भिंतीवर लिहिला गेला. मालकांच्या नजरेस ती भिंत पडली आणि मग मला फोन आला.

"कॉम्प्युटर सगळे सारखेच घेतलोय की ओ, मग असं का होलालंय?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न बरोबर होता. सारख्या यंत्रांवर सारख्या सेटिंग वेगळ्या दिसत असतील, तर त्या कुठल्या तरी वेगळ्या जागेवरून येत असणार. ही जागा आधी शोधायची आणि मगच हात घालायचा, असं मी ठरवलं. या प्रकरणात जे जे बिघडलेलं निघालं, ते ही जागा न पाहता केलेल्या कामामुळेच.

मागणी काय होती

मालकांनी सांगितलेलं आणि सुपरवायझरांनी हळूच दुरुस्त केलेलं, असं एकत्र करून लिहितो. वॉलपेपर सगळीकडे एकच हवा, कारण त्यावर अग्निशमन आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर आहेत. ऑफिसात पाच मिनिटांनी स्क्रीन लॉक व्हावी. काट्यांवर कधीच होऊ नये. डिझाइनच्या खोलीत पेन ड्राइव्ह लावला की तो आपोआप उघडू नये. आणि कीबोर्ड: इथं कुणी मराठीत टाइप करतं, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये. सोलापुरातल्या कुठल्याही कारखान्यात या तिन्ही भाषा कानावर पडतात, पण संगणकावर मात्र फक्त अमेरिकन इंग्रजी दिसत होती.

आधीचं काम

आधीच्या कंत्राटदाराने दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. पहिली: लॉगिन झालं की आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट. तिच्यात 'जीसेटिंग्ज सेट' या आज्ञेच्या ओळी, एकाखाली एक: वॉलपेपर हा, स्क्रीन इतक्या वेळाने बंद, वगैरे. दुसरी: काही महिन्यांनी त्याने कुठं तरी वाचून डीकॉन्फच्या, म्हणजे ग्नोमच्या सेटिंग साठवणाऱ्या यंत्रणेच्या, सिस्टिम फोल्डरात सेटिंगच्या फाइली ठेवल्या होत्या. त्या फाइलींचा परिणाम शून्य होता. तो सोडून गेला होता आणि त्याला विचारायची सोय नव्हती.

ही दुसरी गोष्ट शून्य का झाली, ते कळायला डीकॉन्फचं पोट थोडं उघडून बघावं लागतं.

ग्नोममधला प्रत्येक प्रोग्राम सेटिंग मागताना जीसेटिंग्जकडे मागतो. जीसेटिंग्जजवळ स्कीमा असतो: सेटिंगचं नाव, तिचा प्रकार आणि मूळ डीफॉल्ट. कुणीच काही ठरवलं नसेल तर हे डीफॉल्ट लागू होतं. ठरवलेलं असेल तर ते डीकॉन्फच्या डेटाबेसांत सापडतं. डेटाबेस हा अनेकवचनी शब्द इथं महत्त्वाचा आहे. डीकॉन्फ म्हणजे नाव-आणि-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारं कपाटच, पण एकच नव्हे. एकावर एक कितीही थर रचता येतात, आणि कुठला थर कुठल्यावर, हे एका छोट्याशा फाइलीत लिहिलेलं असतं. तिला प्रोफाइल म्हणतात. ती 'एटसी' फोल्डरात, 'डीकॉन्फ' मध्ये, 'प्रोफाइल' मध्ये 'युजर' या नावाने राहते.

ही फाइलच त्या अठरा संगणकांवर नव्हती. प्रोफाइल नसेल तर डीकॉन्फ फक्त एकच थर वाचतं: त्या माणसाच्या होम फोल्डरातला त्याचा स्वतःचा डेटाबेस. कंत्राटदाराने कष्टाने लिहिलेल्या सिस्टिमच्या फाइली कुणी कधी उघडल्याच नव्हत्या. संगणकाने चुकीचा निरोपही दिला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने चूक काही झालेली नव्हती.

तीन ओळी

आम्ही प्रोफाइल लिहिली ती अशी. इथं वाचायला देवनागरीत देतो; फाइलीत अर्थातच रोमन अक्षरं.

युजर-डीबी:युजर
सिस्टिम-डीबी:विभाग
सिस्टिम-डीबी:कारखाना

पहिली ओळ माणसाचा स्वतःचा थर. लिहिता येतं ते फक्त या पहिल्या थरात; खालचे थर साध्या वापरणाऱ्याला नुसते वाचण्यापुरते. दुसरी ओळ विभागाचा थर: ऑफिस, काटा, डिझाइन, प्रत्येकाचा वेगळा. तिसरी साऱ्या कारखान्याला समान. नावं आपल्या मनाने ठेवता येतात. पुष्कळ ठिकाणी 'लोकल' आणि 'साइट' अशी नावं दिसतात, पण सुपरवायझरांना उद्या हे सांभाळायचं असेल तर 'विभाग' आणि 'कारखाना' बरं.

सेटिंग शोधताना डीकॉन्फ वरून खाली येतं आणि पहिल्यांदा जिथं व्हॅल्यू सापडेल तिथं थांबतं. हे मी डिझाइनरला सांगत होतो, तर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या ट्रेसिंग पेपरासारखं." जॅकार्डच्या नक्षीचे एकावर एक ठेवलेले कागद: वरच्या कागदावर त्या जागी रेघ असेल तर ती दिसते, कोरी जागा असेल तर खालची. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

सिस्टिमच्या थरांचं लिखाण साध्या मजकुराच्या फाइलींत होतं: 'विभाग.डी' आणि 'कारखाना.डी' या फोल्डरांत. पण डीकॉन्फ त्या फाइली थेट वाचत नाही. 'डीकॉन्फ अपडेट' ही आज्ञा मूळ अधिकाराने, म्हणजे रूट खात्यातून, चालवली की त्यांच्यापासून एक बायनरी डेटाबेस तयार होतो, आणि वाचला जातो तो हा. प्रोग्राम ती फाइल सरळ मेमरीत जोडून घेतात, त्यामुळे वाचण्यासाठी मध्ये कुणी सेवक लागत नाही. लिहिण्यासाठी मात्र एक वेगळी सेवा असते. लॉगिनच्या वेळी ग्नोम शेकड्याने सेटिंग वाचतं, आणि स्वस्तातल्या जुन्या संगणकावरही ते जाणवत नाही, त्याचं कारण हे.

अपडेट चालवायचं विसरलं आणि प्रोफाइलमध्ये मात्र थराचं नाव असलं, तर टर्मिनलमध्ये एक इशारा दिसतो: डेटाबेसची फाइल उघडता आली नाही, वेग कमी होण्याची शक्यता. शब्द वेगाचे आहेत, पण खरं दुखणं हे की तो थरच गायब आहे. हा इशारा दिसला की आधी फोल्डराचं नाव आणि प्रोफाइलमधलं नाव ताडून पाहावं. तसाच आणखी एक चकवा: मूळ खात्याची परवानगीची ठेवण फार कडक असेल तर अपडेटने बनवलेली फाइल इतरांना वाचताच येत नाही. मूळ खात्यातून पाहिलं तर सगळं व्यवस्थित, साध्या वापरणाऱ्याच्या खात्यातून पाहिलं तर काहीच नाही.

प्रोफाइल बदलली की लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, कारण चालू असलेले प्रोग्राम ती पुन्हा वाचत नाहीत. आम्ही केलं. आणि काही म्हणजे काही बदललं नाही.

वरचा थर भरलेला

इथं लॉगिनच्या स्क्रिप्टची करामत उघडी पडली. 'जीसेटिंग्ज सेट' ही आज्ञा लिहिते ती माणसाच्या स्वतःच्या थरात. म्हणजे रोज सकाळी, प्रत्येक लॉगिनला, ती स्क्रिप्ट, जिथं जिथं ती शिल्लक होती त्या प्रत्येक खात्याच्या, सगळ्यात वरच्या कागदावर जाड रेघा ओढत होती. खालच्या थरांत कितीही सुरेख लिहा, दिसणार कसं? ज्यांनी पुढे स्वतः वॉलपेपर बदलला, त्यांचा तो दिवसभर टिकायचा, दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट परत पुसायची. काही खात्यांत स्क्रिप्ट काढून टाकलेली होती. तिथं देव आणि नातू कायमचे राहिले. निम्म्या-निम्म्याचं कोडं एवढंच होतं.

लॉगिन स्क्रिप्टने सेटिंग ढकलायची ही पद्धत मला मुळातच पटत नाही. ती करणाऱ्याला वाटतं आपण नियम केला. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या वहीत त्याच्या अक्षरात लिहिते, आणि मग कुठलं त्याचं आणि कुठलं आपलं, हे कधीच वेगळं करता येत नाही.

फक्त वरचा थर पाहायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. पहिलीच ओळ असलेली दुसरी प्रोफाइल फाइल बनवायची आणि 'डीकॉन्फ प्रोफाइल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (प्रोग्राम सुरू करताना त्याला बाहेरून दिलेल्या व्हॅल्यूने) तिच्याकडे बोट दाखवून 'डीकॉन्फ डंप' चालवायचं. माणसाच्या थरात जे आहे तेवढंच समोर येतं. उलट बाजूने, 'डीकॉन्फ रीड' ला डीफॉल्टचा पर्याय दिला की माणसाचा थर वगळून खाली काय आहे ते दिसतं. ही दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की व्हॅल्यू कुठून येते ते कळतं. प्रत्येक तक्रारीला आधी हे दोन प्रश्न, मग उपाय.

या डंपमध्ये एक अनपेक्षित गोष्ट सापडली. कीबोर्डच्या भाषांची यादी प्रत्येक खात्याच्या थरात लिहिलेली होती, स्क्रिप्टमध्ये मात्र तिचा उल्लेखही नव्हता. कुणी हात लावल्याचं आठवत नव्हतं. उत्तर असं की पहिल्या लॉगिनला ही यादी रिकामी असेल तर ग्नोमच सिस्टिमकडून भाषा घेऊन ती माणसाच्या थरात लिहून टाकतं. म्हणजे 'माणसाच्या थरात आहे' याचा अर्थ 'माणसाने निवडलं' असा नेहमी होत नाही. हे आधी माहीत नसेल तर नंतर डोकं खाजवत बसावं लागतं.

साफसफाई करायची तर माणसाचा डेटाबेस सरळ उडवणं सगळ्यात सोपं. ते आम्ही केलं नाही. त्यात कुणाची मोठी अक्षरं, कुणाचा डावखुरा माउस, कुणाची फाइल मॅनेजरची मांडणी. आधी प्रत्येक खात्याचा डंप जपून ठेवला, मग फक्त स्क्रिप्टने कोंबलेल्या आणि ग्नोमने परस्पर लिहिलेल्या नावांवर 'डीकॉन्फ रीसेट' चालवलं. ते त्या त्या माणसाच्या खात्यातूनच चालायला हवं, म्हणून जुनी स्क्रिप्ट ज्या ठिकाणी होती त्याच ठिकाणी रीसेटची स्क्रिप्ट ठेवली, सगळ्यांचं एकेकदा लॉगिन होऊ दिलं, आणि मग ती काढली. काढणं महत्त्वाचं. नाहीतर लोकांची खरी निवड रोज सकाळी पुसली जाईल आणि जुनाच खेळ उलट्या दिशेने सुरू होईल.

शून्य लिहिलं, पाच मिनिटं झाली

आता ऑफिस सरळ झालं. वॉलपेपर आला, पाच मिनिटांनी लॉक होऊ लागलं. काट्यावर मात्र अजूनही पाच मिनिटांनी अंधार.

विभागाच्या थरात काट्यांसाठी आम्ही कंत्राटदाराचीच फाइल ठेवली होती, कारण वरवर ती बरोबर दिसत होती. स्क्रीन किती वेळाने विझावी त्या सेटिंगसमोर नुसतं ० लिहिलेलं. शून्य म्हणजे कधीच नाही. पण या सेटिंगचा स्कीमातला प्रकार आहे चिन्ह नसलेला बत्तीस बिटांचा पूर्णांक, आणि फाइलीत तो तसा सांगावा लागतो: आकड्याच्या आधी 'युइंट३२' हा शब्द. नुसतं ० म्हणजे साधा पूर्णांक. 'डीकॉन्फ अपडेट' ला स्कीमा माहीत नसतो, त्यामुळे ते बिनतक्रार डेटाबेस बनवतं. पुढे जीसेटिंग्ज प्रकार जुळत नाही म्हणून ती व्हॅल्यू गुपचूप बाजूला टाकतं आणि स्कीमातलं डीफॉल्ट घेतं.

आणि ते डीफॉल्ट किती? ३०० सेकंद. बरोबर पाच मिनिटं.

याहून मजेदार भाग ऑफिसचा. तिथल्या जुन्या फाइलीतही नुसतं ३०० होतं, प्रकाराशिवाय. म्हणजे तिथंही व्हॅल्यू फेकली जात होती, पण फेकून जे येत होतं तेही ३००च. ऑफिस 'चालतंय' असं सगळ्यांना वाटत होतं ते निव्वळ योगायोगाने. मालकांनी सहा मिनिटं मागितली असती तर हा दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. तेव्हापासून मी नवीन सेटिंग तपासताना मुद्दाम विचित्र आकडा टाकतो, चारशे सदतीस सेकंद वगैरे. डीफॉल्टशी चुकूनही जुळणार नाही असा.

स्कीमाला जुळणारा मजकूर मिळवायचा बिनचूक मार्ग: एका चाचणीच्या खात्यात 'जीसेटिंग्ज सेट' ने ती सेटिंग लावायची आणि डंपमध्ये ती जशी दिसते तशीच्या तशी उचलायची. 'जीसेटिंग्ज' स्कीमा पाहून लिहितं, त्यामुळे प्रकार आपोआप बरोबर येतो. मजकुराला एकेरी अवतरण, याद्यांना चौकोनी कंस, कीबोर्डच्या यादीत जोड्यांसाठी गोल कंस. हे सगळं पाठ करण्यात अर्थ नाही.

कुलूप

आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं डीफॉल्ट. डीफॉल्ट म्हणजे विनंती: तू काही ठरवलं नसशील तर हे घे. ज्याने ठरवलं त्याचं ठरवणं वरचढ. मालकांना हे पसंत नव्हतं. त्यांना सगळ्याच सेटिंगना कुलूप हवं होतं.

डीकॉन्फमध्ये कुलूप लावायचं तर थराच्या फोल्डरात 'लॉक्स' नावाचं उपफोल्डर करायचं आणि तिथल्या फाइलीत एकेका ओळीवर सेटिंगचं पूर्ण नाव लिहायचं, सुरुवातीच्या तिरक्या रेघेसकट. व्हॅल्यूच्या फाइलीतल्या चौकोनी कंसातल्या शीर्षकाला मात्र सुरुवातीला आणि शेवटी ती रेघ नको. या फरकाने पुष्कळांचे तास खाल्ले असतील.

ग्नोम २ च्या जमान्यात जीकॉन्फ होतं, एक्सएमएलच्या फाइलींचं. त्यातही थरांचा क्रम एका फाइलीत असायचा, पण सक्तीचा एक वेगळा थर सगळ्यात वर, मग माणसाचा, मग डीफॉल्टचा. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि डीकॉन्फने सक्ती थरावरून काढून एकेका सेटिंगवर नेली. मला ही रचना जास्त आवडते. व्हॅल्यू काय असावी आणि ती बदलू द्यावी का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि इथं ते वेगवेगळ्या फाइलींत लिहावे लागतात. लिहिताना माणसाला थांबावं लागतं.

आम्ही थांबलो. मालक, सुपरवायझर आणि मी, चहा घेत एकेक सेटिंग घेतली. वॉलपेपर: नंबर आहेत, कुलूप. ऑफिसातलं स्क्रीन लॉक: पगाराचा हिशोब तिथं होतो, कुलूप. पेन ड्राइव्ह आपोआप न उघडणं, डिझाइन खोलीत कुलूप. कीबोर्डच्या भाषा: मालक म्हणाले कुलूप, सुपरवायझर म्हणाले नको. उद्या कुणी उर्दू लिहिणारा आला तर? डीफॉल्ट म्हणून मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी चारही द्यायच्या, बाकी ज्याची त्याला मुभा. अक्षरांचा आकार: इथं माझा आग्रह होता की मोकळा ठेवा.

काट्यावर तीन पाळ्यांचे लोक एकच खातं वापरतात. प्रत्येकाला वेगळं खातं द्यावं हे पुस्तकात ठीक, पण पाळी बदलताना गाठी वाहत्या असतात, लॉगआउट कोण करणार? रात्रपाळीच्या मामांना अक्षरं मोठी लागतात, सकाळच्या पोराला लहान. एक पर्याय असा होता की काट्याच्या प्रोफाइलमधून युजरची ओळच काढायची. पहिली ओळ सिस्टिमची असेल तर काहीच लिहिता येत नाही, सगळं गोठतं. विचार केला आणि सोडला, कारण ग्नोम स्वतःच्या बारीकसारीक नोंदीही त्याच थरात ठेवतं, आणि मामांचा चष्मा गोठवून कुणाचं भलं होणार नव्हतं. त्याऐवजी अॅक्सेसिबिलिटीचा मेनू वरच्या पट्टीत कायम दिसेल अशी सेटिंग विभागाच्या थरात टाकली. मामा येतात, मोठी अक्षरं चालू करतात. पोरगा येतो, बंद करतो.

कुलूप कुठल्या थरात

काट्यासाठी 'युइंट३२ ०' लिहिलं, अपडेट केलं, स्क्रीन विझायची थांबली. मग ठरल्याप्रमाणे कारखान्याच्या थरात स्क्रीनच्या वेळेला कुलूप लावलं, आणि काटा परत पाच मिनिटांनी काळा.

या प्रकरणातला हा सगळ्यात शिकण्यासारखा तुकडा. कुलूप पाहताना डीकॉन्फ खालून वर येतं. सगळ्यात खालच्या ज्या थरात त्या सेटिंगवर कुलूप सापडेल, त्याच्या वरचे सारे थर त्या सेटिंगपुरते बाद. नुसता माणसाचा नव्हे, मधलाही. कारखान्याने कुलूप लावलं, तर विभागाचं शून्य कितीही बरोबर लिहिलेलं असो, कुणी विचारत नाही.

उपाय छोटा निघाला. व्हॅल्यू कारखान्याच्या थरात राहू दिली, कुलूप तिथून काढून विभागाच्या थरात नेलं. कुलूप जिथं आहे त्या थरापासून खाली शोध सुरू होतो. ऑफिसच्या विभागाच्या थरात वेळ लिहिलेलीच नाही, नुसतं कुलूप आहे. तिथं शोध खाली घसरतो आणि कारखान्याचे ३०० सेकंद मिळतात. काट्याच्या विभागात कुलूपही आहे आणि शून्यही. तिथं शोध तिथंच थांबतो. माणसाच्या थराला दोन्हीकडे मज्जाव. ज्या सेटिंगला विभागवार अपवाद संभवतो तिचं कुलूप विभागात, जिला संभवत नाही तिचं कारखान्यात. वॉलपेपरचं कुलूप म्हणून खालीच राहिलं.

वॉलपेपरची एक उपकथा लगेच सांगून टाकतो. ग्नोम ४२ पासून गडद रूपासाठी वॉलपेपरची वेगळी सेटिंग आहे. एकीला कुलूप आणि दुसरी मोकळी असं झालं, आणि डिझाइनच्या पोरांनी अर्थातच गडद रूप लावून आपला वॉलपेपर परत आणला. दुसरीवरही व्हॅल्यू आणि कुलूप दोन्ही टाकलं.

पेन ड्राइव्हच्या कुलपाबद्दल मालकांना स्पष्ट सांगितलं: ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. मी वरचा थर पाहायला ज्या व्हेरिएबलने प्रोफाइल बदलली, त्यानेच कुणीही हुशार पोरगा कुलूप नसलेली प्रोफाइल देऊन प्रोग्राम उघडू शकतो. डीकॉन्फमध्ये 'रन' फोल्डरात वापरणाऱ्याच्या क्रमांकाने सक्तीची प्रोफाइल ठेवायची सोय आहे, आणि ती त्या व्हेरिएबललाही जुमानत नाही. पण नक्षी चोरीला जाण्याची भीती असेल तर यूएसबीचं काम कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पातळीवर करावं लागेल. ते वेगळं काम, वेगळे पैसे. अजून झालेलं नाही. तसंच ब्राउझरचं: फायरफॉक्सचं मुखपृष्ठ त्यांना ठरवून हवं होतं. फायरफॉक्स ते डीकॉन्फला विचारत नाही, त्याची स्वतःची धोरणांची फाइल असते. तीही लिहून दिली.

जानेवारीत

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मालकांना वाटलं, चार दिवस वॉलपेपरवर नंदीध्वजांचं चित्र असावं. सुपरवायझरांनी माझी वाट न पाहता वॉलपेपरची कुलपं काढली, अपडेट चालवलं आणि सगळ्यांना सांगितलं, लावा हवं ते चित्र. स्टोअरच्या दोन संगणकांवर कुणी काही लावण्याआधीच जुना नातू आणि जुना नट परत हजर.

ती दोन यंत्रं साफसफाईच्या वेळी बंद होती आणि नंतर घाईने थेट कुलूप लावून चालू केली होती. कुलपाने माणसाच्या थरातली व्हॅल्यू पुसली जात नाही, फक्त झाकली जाते. म्हणून क्रम असा: आधी रीसेट, मग कुलूप. राहिलंच असेल तर फक्त युजरची ओळ असलेल्या त्या दुसऱ्या प्रोफाइलमधून रीसेट चालवायचं.

दोन्ही संगणक तसे साफ केले. यात्रेच्या चित्रासाठी मग कुलूप उघडायची गरजच राहिली नाही. 'कारखाना.डी' मध्ये आधीच्या वॉलपेपरच्या फाइलीच्या नावापुढे १० होतं, यात्रेच्या फाइलीला ५० दिलं. एकच सेटिंग दोन फाइलींत असेल तर नावाच्या क्रमाने शेवटची फाइल जिंकते. नंदीध्वजांच्या चित्रावर ते नंबर छापून घेतले, यात्रा संपल्यावर ५०ची फाइल काढली आणि अपडेट चालवलं. हे शेवटचं काम सुपरवायझरांनी केलं. आता फोल्डराच्या प्रती त्यांच्याजवळ आहेत, आणि भिंतीवरचा पासवर्ड बदलून मग पुसला आहे.